पाय वर घ्या, मास्तर

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून टाकतो, नंतर वाद नको.

मी काही भुताखेतांच्या मागे लागणारा माणूस नाही. घरातले दिवे गेले की सगळ्यांत आधी फ्यूज बघायला उठणारा मीच. पण हे माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलंय, आणि काका थापा मारणाऱ्यांतले नाहीत. त्यांना मुळात बोलायचाच कंटाळा.

तो रविवार होता. दिवेलागणीची वेळ. काका घरासमोरच्या पोर्चमध्ये खुर्ची टाकून चहा पीत होते. समोर त्यांची जुनी गाडी उभी होती. बंद. काचा वर. आत कोणी नाही.

आणि गाडीतून आवाज आला...

कुईंऽऽऽ.

काकांच्या हातातला कप तिथल्या तिथे थांबला. हा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. डावीकडच्या ब्रेकचा होता तो.

पण ब्रेक काय, आपोआप वाजतो होय?

थांबा. जरा मागचं सांगतो, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

काकांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. सगळी हयात डावीकडच्या सीटवर गेली. शिकणारा उजवीकडे, त्याच्या हातात स्टिअरिंग. मास्तर डावीकडे, त्यांच्या पायाखाली जादाचा ब्रेक. दोन्ही ब्रेक आतून एकाच सळईने जोडलेले. मास्तरांनी त्यांचा दाबला की शिकणाऱ्याच्या पायाखालचा ब्रेकही आपसूक खाली जातो. शिकणाऱ्याला वाटतं, वा, काय वेळेवर थांबवली मी!

या ब्रेकची मास्तरांच्या पायाला सवयच जडली होती. जेवायला बसले तरी टेबलाखाली उजवा पाय दाबलेला. सिनेमा बघताना दाबलेला. झोपेत तर विचारूच नका.

"अहो, मी काय ट्रक आहे का?" काकू म्हणायची. "रात्रभर मला ब्रेक मारताय!"

काकू कपडे दुरुस्त करून द्यायची. खिडकीपाशी शिवणयंत्र, त्याच्यासमोर खुर्ची, खुर्चीवर एक चौकोनी उशी. उंचीने बेताचीच होती ती. त्या यंत्राच्या वरच्या भिंतीवर तिने एक मोठा नकाशा लावला होता. समुद्राकाठच्या रस्त्याचा.

तो रस्ता म्हणजे काकूचं वेड होतं. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र, आणि टोकाला दीपगृह. कुठे थांबायचं, कुठून समुद्र चांगला दिसतो, मुक्काम कुठे, सगळीकडे तिने टाचण्या लावलेल्या. आणि टाचणी ते टाचणी एक निळा दोरा. शिवणकाम करणारी बाई, दुसरं काय करणार!

तिची अट एकच होती.

"गाडी मी चालवणार. पूर्ण रस्ता. आणि तुम्ही सीटवर पाय वर घेऊन बसायचं. मांडी घालून. त्या ब्रेकला शिवायचंसुद्धा नाही."

कारण काकू उतारवयात गाडी शिकली होती, आणि शिकवणारे हेच. मशीनच्या खुर्चीवरची उशी सीटवर ठेवायची, सीट ओढून पार पुढे घ्यायची, आणि निघायची. शाळेचं फाटक आलं की तिच्या पायाखालचा ब्रेक आपोआप खाली. पाण्याच्या टाकीचं वळण आलं की खाली. गतिरोधक तर अजून लांबच असायचा.

"अहो, मला चालवू द्या ना!" ती चिडायची. "गाडी तुम्हीच चालवता, मी नुसतं चाक धरून बसते."

मास्तर हसायचे. तिला शिकवायचं नव्हतं असं नाही. तिला काही होईल याची भीती वाटायची. परक्या माणसांना बिनधास्त हमरस्त्यावर नेणारा माणूस, बायको चाकावर बसली की त्याला घाम फुटायचा.

जाणं लांबत गेलं. आधी एक बॅच संपू दे. मग टायर बदलू दे. मग उन्हाळा जाऊ दे.

मग काकूला ताप आला. साधाच वाटला होता. तो छातीत उतरला, आणि काकू गेली.

नकाशा तसाच राहिला.

त्यानंतर मास्तर खचले. स्कूल बंद केलं. जेवण चार घासांवर आलं. झोप तर उडालीच. नुसते पडून राहायचे, पाय ताणलेला. बिछान्याची दुसरी बाजू रिकामी, आणि हे आपले ब्रेक दाबून. इतके थकले होते की कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायलाही त्यांना मिनिटभर लागायचं.

त्यांची लेक दातांची डॉक्टर आहे. दुसऱ्या गावी असते. ती कधी आवाज चढवत नाही, पण समोरच्याला तोंड उघडायला लावतेच. बापाची ही दशा तिला फोनवरूनच कळली. रजा टाकून आली. त्या रविवारी सकाळीच.

"बाबा, आई गेली," ती म्हणाली. "आता तुम्हीपण जायच्या तयारीत दिसताय. मला ते चालणार नाही."

"मी कुठे जातोय?"

"तेच म्हणते. जाऊ या कुठेतरी. आईच्या रस्त्याने. तिचा दोरा अजून तसाच आहे."

मास्तरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. मग म्हणाले, "ती वळणं नकोत. मला झेपायचं नाही. हमरस्त्याने जाऊ, सरळ. दीपगृह बघू आणि परत येऊ."

लेकीने मान डोलावली. बाप घराबाहेर पडतोय हेच खूप होतं. दुपारी दोघं टेबलाशी बसली. टायरची हवा, मुक्कामाची जागा, पाण्याच्या बाटल्या, औषधं, सगळं ठरवलं. मग मास्तर उठले आणि नकाशावरच्या टाचण्या काढून त्यांनी दोरा हमरस्त्यावर ताणून बसवला.

आणि त्याच संध्याकाळी पोर्चमध्ये तो आवाज आला.

मास्तरांनी उठून गाडीचं दार उघडलं. आत काही नव्हतं. गाडी उन्हात तापून थंड होते तेव्हा कुठे कुठे वाजते, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी दार लावलं. घरात आले. लेकीला काही बोलले नाहीत.

सकाळी उठून बघतात तर...

दोरा पुन्हा समुद्राकाठी.

एकेक टाचणी आपल्या जुन्या जागी. जिथे काकूने बोटाने दाबून बसवली होती, बरोबर त्याच भोकात.

"हा काय चावटपणा?" मास्तर लेकीला म्हणाले. "तुला तिकडून जायचंय तर सरळ सांग की."

"मी? बाबा, मी आत्ता उठतेय. दातसुद्धा घासले नाहीत अजून."

"मग मी केलं का?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिला खरंच तसं वाटलं होतं. झोप नसलेला माणूस, काय करतो ते त्याच्या लक्षात नसेल. तिने विषय वाढवला नाही. दोघांनी मिळून दोरा पुन्हा हमरस्त्यावर लावला आणि दोघं चहा करायला स्वयंपाकघरात गेली.

चहाला उकळी येत होती.

बाहेरच्या खोलीत... टिक.

काहीतरी बारीक पडलं. लोखंडावर.

टिक... टिक.

लेकीने गॅस बारीक केला. आवाज थांबला. दोघं बाहेर आली. शिवणयंत्राच्या पत्र्यावर टाचण्या पडल्या होत्या. हमरस्त्यावरच्या सगळ्या. आणि दोरा काकूच्या रस्त्यावर होता, एकही टाचणी नसताना, नीट, ताणलेला, कुठे ढिला नाही.

"वाऱ्याने," लेक म्हणाली.

खिडकी बंद होती. दोघांनाही ते दिसत होतं. 

दुपारी मास्तरांनी नाक्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. हा त्यांच्याकडेच गाडी शिकलेला, मोठा तोंडाळ माणूस.

"ते डबल ब्रेक काढून टाक," मास्तर म्हणाले. "स्कूल बंद झालंय. आता कशाला हवेत?"

"इतकी वर्षं माझ्या छातीवर बसलात या ब्रेकने मास्तर, आज सूड उगवतो बघा!" असं म्हणत तो पान्हा घेऊन डाव्या सीटखाली आडवा झाला.

थोडा वेळ खुडबुड चालली. मग थांबली.

"मास्तर, तुम्ही पाय ठेवलाय का?"

"मी बाहेर उभा आहे."

"पेडल दाबलेलं आहे. पूर्ण. वर येतच नाहीये."

"गंजलं असेल."

"गंजलेलं नाही..." त्याचा आवाज बदलला. "मी हाताने वर ओढतोय ना, तर कोणीतरी वरून जोर लावतंय."

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. हत्यारं गोळा केली. उद्या येतो म्हणाला. पुढे कधी फिरकला नाही. रस्त्यात मी भेटलो की अजूनही विषय टाळतो.

तुम्ही म्हणाल, इतकं झाल्यावर गाडीला हात कशाला लावायचा? लेकही तेच म्हणत होती. आपण दुसरी गाडी भाड्याने घेऊ, नाहीतर जायलाच नको. पण मास्तर अडून बसले. इतक्या दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच कशाचा तरी हट्ट धरला होता. त्यामुळे तिने माघार घेतली.

"आधी एक चक्कर मारून बघू," एवढंच म्हणाली. ती मागे बसली. डावी सीट रिकामी. मास्तर उजवीकडे, चाकावर. कितीतरी वर्षांनी.

निघाले. शाळेचं फाटक आलं.

मास्तरांचा पाय ब्रेकच्या वर होता. टेकवलेलाही नव्हता.

पेडल आपोआप खाली गेलं...

कुईंऽऽऽ.

गाडी हळू झाली. त्यांना वाटलं, आपल्याच पायाची सवय. पुढे गेले. पाण्याच्या टाकीचं वळण अजून लांब होतं. पेडल पुन्हा खाली. मास्तरांनी खाली बघितलं. त्यांचा पाय मागे होता, सीटला चिकटलेला. आणि दोन्ही पेडलं, उजवं आणि डावं, सोबतच दाबलेली होती.

प्रत्येक वळणावर. प्रत्येक गतिरोधकाच्या आधी. बरोबर तिथेच, जिथे काकू चाकावर असताना ते स्वतः दाबायचे.

शेवटी ते वैतागले. दमलेला माणूस, त्याला भीतीच्या आधी राग येतो.

"अगं, मला चालवू दे ना!" ते ओरडले.

आणि त्यांची नजर रिकाम्या डाव्या सीटवर गेली.

मागच्या सीटवर लेकीने तोंडावर हात ठेवला. हे वाक्य तिने लहानपणापासून नाही, पण काकू गाडी शिकायला लागल्यापासून घरी आली की दरवेळी ऐकलं होतं. आईच्या तोंडून.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि रडले. काकू गेली त्या दिवशीही रडले नव्हते ते.

दोन दिवसांनी, सकाळी, चांगल्या उन्हात दोघं निघाली. मास्तर चाकावर, लेक मागे. हमरस्त्यानेच. मास्तरांचा हेका कायम. ती वळणं, तो समुद्र, आणि बाजूला ती नाही, हे बघण्याची त्यांच्यात ताकदच नव्हती.

गावाबाहेर फाटा लागतो. सरळ गेलं तर हमरस्ता, डावीकडे समुद्राचा रस्ता.

फाट्यावर गाडी थांबली.

इंजिन चालू. गिअर पडतोय. पण ब्रेक दगडासारखा घट्ट. मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मास्तरांनी सगळं करून बघितलं. त्यांना गाडीतलं कळत नाही असं काही उरलं नव्हतं, पण गाडी तसूभर हलली नाही.

मग आवाज आला...

टक-टक. टक-टक.

डावीकडचा इंडिकेटर. त्यांनी लावला नव्हता.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "डावीकडे घ्या."

त्यांनी चाक डावीकडे वळवलं. ब्रेक सुटला. गाडी लोण्यातून जावी तशी निघाली. मग एकाही वळणावर काही वाजलं नाही. खाली समुद्र दिसायला लागला. लेकीने काच खाली केली. मास्तर मात्र समोर बघत राहिले, नुसतं समोर.

चढ संपतो तिथे गाड्या थांबवायची एक मोकळी जागा आहे. काकूची पहिली टाचणी तिथलीच. पोचेपर्यंत मास्तरांचे डोळे मिटायला लागले होते. इतक्या रात्रींचं जागरण होतं ते.

"इथून पुढे मी चालवते," लेक म्हणाली. तिने मागून हात घालून गाडी बंद केली, किल्ली काढून घेतली. "तुम्ही डावीकडे बसा. मी चहा घेऊन येते."

ती रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेली. मास्तर उतरले, वळसा घालून डावीकडे येऊन बसले. आपल्या जागेवर. पाय आपोआप ब्रेकवर गेला.

ते थबकले.

मग त्यांनी चपला काढल्या. दोन्ही पाय वर घेतले. मांडी घातली.

"घे," ते म्हणाले. "चालव. नाही शिवणार मी."

आणि डोळे मिटले.

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हते.

आधी दार लागल्याचा आवाज. मग कट... कट... कट. उजवी सीट पुढे सरकली. पार पुढेपर्यंत. शिवणाच्या मशीनच्या तेलाचा वास आला. गाडी हलली.

त्यांना वाटलं, लेकच आली. डोळे उघडायचंही त्राण नव्हतं. पण दुसरा गिअर पडला तेव्हा कळलं. क्लच अर्धवट सोडून गिअर घालायची तशी खोड जगात एकाच माणसाला होती. किती बोलले होते ते तिला त्यावरून!

डोळे त्यांनी उघडले नाहीत. उघडले तर सगळं थांबेल असं वाटलं.

वळणं आली. अंग डावीकडे, अंग उजवीकडे. एका वळणावर गाडी फार बाहेर गेली. चाकाखाली खडी करकरली. पलीकडे दरी. पाय ब्रेककडे झेपावला. मास्तरांनी दोन्ही हातांनी स्वतःचा घोटा धरून ठेवला.

दाबला नाही.

गाडी सावरली. बाजूला कोणीतरी समाधानाने श्वास सोडल्यासारखं वाटलं. आणि मग, सांगायला लाज वाटते म्हणाले, मला झोप लागली. काकू गेल्यापासूनची पहिली झोप.

आता लेकीचं ऐका.

तिने दोन चहा घेतले. सुट्टे पैसे द्यायला वळली, तेवढाच काय तो उशीर. परत बघते तर जागा रिकामी. गाडी नाही.

इंजिनाचा आवाज आला नव्हता. टपरीवाल्यानेही ऐकला नव्हता.

तिने आधी कड्याकडे धाव घेतली. खाली बघितलं. खाली नुसतं पाणी. मग तिला हाताला काहीतरी टोचलं...

गाडीची किल्ली. तिच्याच मुठीत.

ती तशीच रस्त्यावर आली आणि तिने हात केला.  मागून बर्फाचा एक ट्रक आला, त्या ड्रायव्हरने तिला बसवून घेतलं. पूर्ण रस्ता ती खिडकीतून दरीत बघत आली. प्रत्येक वळणावर तिला वाटत होतं, आता दिसेल. आता दिसेल.

गाडी दिसली ती अगदी शेवटी. रस्ता संपतो तिथे, दीपगृहाच्या पायथ्याशी.

तिरकी लावलेली. एक चाक कट्ट्यावर चढलेलं. काकू लावायची तशी.

मास्तर डावीकडे होते. मांडी घालून, मान टाकून. लेकीने दार उघडलं आणि त्यांच्या नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. तिच्या जिवात जीव आला. ते घोरत होते, आणि त्यांचा पाय सैल पडला होता.

उजवी सीट पार पुढे ओढलेली. सीटवर ती चौकोनी उशी. निघताना लेकीने स्वतः ती घरी मशीनच्या खुर्चीवर बघितली होती.

मास्तर जागे झाले. चेहरा एखाद्या मुलासारखा ताजातवाना.

"पोचलो?" म्हणाले. मग रिकाम्या सीटकडे बघून, "उतरली वाटतं."

लेकीला रडू आवरेना.

परत येताना लेकीने गाडी चालवली. हमरस्त्याने. काही वाजलं नाही. तो ब्रेक आता वाजतच नाही. मीही दाबून बघितलाय. मऊ चालतो.

मास्तर आता नीट जेवतात. झोपतात. लेकीला वाटलं, सुटलो. जे काही होतं ते झालं, आईची हौस फिटली.

पण घरी आल्यावर लेक नकाशा काढून ठेवायला गेली.

दोरा दीपगृहाशी संपला नव्हता.

तिथून तो पुढे गेला होता. रस्ता नाही तिथे. निळ्या पाण्यातून सरळ, टाचणीमागून टाचणी, कागदाच्या कडेपर्यंत. आणि उरलेला कडेवरून खाली लोंबत होता.

मास्तरांनी तो बघितला. अजिबात दचकले नाहीत. लेकीला नकाशाही काढू दिला नाही.

"राहू दे," म्हणाले. "पुढचं ठरवलंय तिने."

आता रोज संध्याकाळी ते गाडी धुतात. मग डावीकडे जाऊन बसतात. चपला काढून, पाय वर घेऊन. चांगले खूश दिसतात. मला तेच बघवत नाही.

लेक नोकरी सोडून इकडेच राहायला आलीय. गाडीची किल्ली तिने कुलपात ठेवलीय. मला मुद्दाम दाखवली, म्हणजे मीही लक्ष ठेवीन.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्या दिवशीही किल्ली तिच्याकडेच होती.